पितृकुळाचा रकाना

"तू जरा बाजूला हो गं. फोटोत चायनीज हॉटेलवाली घुसल्यासारखं दिसतंय."

दुबईच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू, बर दुबई भागातला हॉल. बोलले ते अध्यक्ष. सगळे हसले. मीही हसले आणि बाजूला झाले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तिळगुळाची दोनशे पाकिटं मीच भरली होती.

मी मिरजेची. आजोबा चीनमधून आले. बाप मिरजेत जन्मला, मीही तिथंच. बाप दातांचा डॉक्टर. घरात मराठी, आणि भांडण तर अस्सल मिरजेचं. तरी बासष्टच्या लढाईनंतर बापाला दर आठवड्याला चौकीत हजेरी लावावी लागायची. ज्या फौजदाराची दाढ त्यानं बसवली, त्याच्याच टेबलापुढे.

दवाखान्याच्या भिंतीवर एक कात्रण होतं. दूरच्या कुठल्या बेटावरचा चिनी वंशाचा वकील. गोरे गेले, देश स्वतंत्र झाला, हा मंत्री झाला. नागरिकत्वाचा कायदा करताना त्यानं सभागृहात ठणकावलं म्हणे, की इथं जन्मला तो इथला, बापजादे विचारायचे नाहीत. बापाला त्या देशाचं नावही नीट घेता यायचं नाही. पण रोज कात्रणावरची धूळ पुसायचा. "आपल्या चेहऱ्याचा आहे बाळ. तू वकील हो." मी झाले. बाप गेल्यावर ते कात्रण माझ्या फाइलमध्ये घालून दुबईला आले.

अध्यक्ष म्हणजे आमच्या कंपनीचे जनरल मॅनेजर. मी तिथंच लीगलला. माझा व्हिसा त्यांच्या सहीवर. मंडळाची घटनाही मीच लिहीत होते, फुकट. त्या फोटोनंतर आठवड्यानं त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"कलम चार जरा टाइट कर. सभासद कोण? ज्याचं पितृकुळ महाराष्ट्रातलं, तो. हल्ली कोणीही घुसतंय. कायद्याच्या भाषेत बसवून दे."

"मग मी, सर?"

"तुला मानद सभासद करू. मतदान नाही, पण जेवायला येत जा की. मराठी मुलाशी लग्न केलं असतंस, तर हा प्रश्नच आला नसता."

अंगाची नुसती लाही झाली. तोंडातून मात्र निघालं, "बघते सर."

खोटं कशाला सांगू? मी ते कलम टाइप केलं. दोन ओळी. कुठं फट नाही, पळवाट नाही. माझ्यावर फुली मारायची, तीही माझ्याच हातानं, आणि काम इतकं चोख! कागद फाइलमध्ये ठेवायला गेले तर आत कात्रण. त्या माणसानं अख्ख्या देशासाठी जे लिहू दिलं नाही, ते मी जेवणावळीच्या मंडळासाठी लिहून बसले होते. थू माझ्या वकिलीवर. कागद फाडला.

शुक्रवारी सभा होती. मी उभी राहिले.

"घटना मी लिहिली. कलम चार लिहिणार नाही. माझ्या बापाला हजेरीला उभं केलं ते सरकारनं. मला उभं करणारे तुम्ही कोण?"

मागून एक वहिनी म्हणाल्या, "बसा हो ताई आता, जेवण गार होतंय." अध्यक्षांची कॉलेजातली मुलगी मात्र मोठ्यानं बोलली, "पपा, धिस इज सो अनफेअर." त्यांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. कलम दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. मंजुरीला हात वर झाले. माझ्याकडून पाकिटं भरून घेणारेही त्यात होते.

महिन्याच्या आत व्हिसा कॅन्सल. खलास. तीस दिवसांत नवी नोकरी, नाहीतर चालू पड. कंपनीकडून एनओसी, ना-हरकत पत्र, भांडून घेतली. अठ्ठाविसाव्या दिवशी शारजात नोकरी लागली.

याला पाच वर्षं झाली. दर जानेवारीत मी मंडळाच्या दारात जाऊन सभासदत्वाचा अर्ज देते आणि पोच घेते. दरवर्षी फोन येतो. "अहो, कशाला उगीच? समजून घ्या ना." मी नाही समजून घेत. समजून घ्यायचं काम माझ्या बापानं जन्मभर केलंय.

यंदाचाही अर्ज दिलाय. पितृकुळाच्या रकान्यात लिहिलंय: दातांचा डॉक्टर, मिरज. खाली एक ओळ वाढवली आहे. नाकारायचं असेल तर लेखी नाकारा, कारण लिहा, आणि त्याखाली स्वतःच्या नावानं सही करा.