उजवी बाजू

इटलीतल्या आमच्या मोदेनाच्या कारखान्यात नेरिनोने चाळीस वर्षं हातोडीने स्पोर्ट्स कारचे पत्रे ठोकले. डावी बाजू तो घडवायचा, उजवी त्याचा जोडीदार ओतेल्लो. माणसांचे हात ते, दोन्ही बाजूंत बोटभर फरक राहायचाच.

ओतेल्लो वारल्यावर कंपनीने त्या दोघांनी घडवलेली पहिली गाडी संग्रहालयात मांडली आणि नेरिनोला मानाने बोलावलं. त्याने गाडीवरून हात फिरवला आणि त्याचं डोकंच फिरलं.

"उजवीला कोणी हात लावला?"

"मशीनने मोजून डावीसारखी करून घेतली," टायवाला साहेब कौतुकाने म्हणाला. "तुमचीच बाजू बरोबर धरली, काका."

"अरे गाढवा, ओतेल्लोचं तेवढंच मागे उरलं होतं. आण हातोडी, आता माझीही बाजू चेपून टाकतो."