योकास्ताला बाधलेला वारा

ला वेगा गावातल्या योकास्ताच्या सलूनची खिडकी कधी उघडी दिसायची नाही. बाहेरची दमट हवा आत शिरली की ड्रायर फिरवून सरळ केलेले केस पुन्हा कुरळे होतात, आणि मग गिऱ्हाईक अख्ख्या गल्लीत बोभाटा करतं. म्हणून खिडकी बंद, दार बंद, एसी सुरू आणि आत गप्पांना ऊत. योकास्ताचा नवरा न्यूयॉर्कला गेला तो तिकडचाच झाला, पण तिनं सासूला वाऱ्यावर सोडलं नाही. सासूबाई, दोन्या एर्सिलिया, सुनेच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकांचे केस धुवायला उभ्या राहिल्या. दोघींचं पटायचं, म्हणजे रोज भांडून एकाच ताटलीत जेवायच्या.

मग योकास्ताला खोकला लागला. आधी ब्लीच कालवताना छातीत नुसती खरखर व्हायची, पुढे रात्रीचा श्वासही शिट्टी मारायला लागला. सासूनं तिथल्या तिथे निदान केलं, पास्मो.

"दिवसभर हातात गरम ड्रायर, आणि घरी गेलीस की फ्रीजमध्ये तोंड घालतेस. सर्द-गरम होणार नाही तर काय होणार? वारा टाळ, बये."

ला वेगात हे निदान कुणी खोडून काढत नाही. खिडकीच्या फटीतही चिंध्या कोंबल्या गेल्या. ज्या हवेनं बाई वाचली असती तीच बाहेर ठेवली, आणि तीही मायेनं. मायेपुढे कुणाचं काय चालतं?

शेवटी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतक्यात काम सोडून कुठे गेली होतीस?"

"कोन्स्तान्साला, बहिणीकडे. आठवडाभर."

"तिथे थंडीनं दात वाजतात. श्वास कसा होता?"

योकास्तानं आठवून सांगितलं. तिथे ती डोंगरावर स्ट्रॉबेरी तोडत हिंडली होती, आणि रात्री चक्क घोरली होती.

"थंडीनं होत असतं तर तुला तिथून खाटेवर घालून आणावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिला सुट्टीच्या दिवशी श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लावलं, कामाच्या दिवशीही लावलं, आणि दोन्हीतला फरक पाहून स्पष्ट सांगितलं, "ब्लीचची पावडर. तुझ्या छातीनं तिच्याशी वैर धरलंय. हा पंप रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, हा निळा दम लागला की. पण पंपाच्या जिवावर ब्लीच करत राहिलीस तर एक दिवस पंपही ऐकणार नाही. दुसरी कुणी करत असेल त्या खोलीतही थांबू नकोस. मास्क बांधून भागायचं नाही."

योकास्तानं हे कुणालाच सांगितलं नाही. गावातल्या अर्ध्या सोनेरी डोक्यांवर तिचा हात होता. कळलं असतं तर सगळी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या मारिसोलकडे वळली असती. ती न्हाणीघरात नळ सोडून चोरून पंप घ्यायची आणि हसत बाहेर यायची. हट्टी बाई. जीव मुठीत धरून केस रंगवत होती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी रोसानी नावाची नवरी आली. तिला लग्नासाठी सोनेरी केस हवे होते. सोबत आई मिनेर्वा, मावश्या, आत्या. अर्धं डोकं झालं. योकास्तानं दुसरी वाटी कालवायला डबा उघडला, पावडर उडाली, आणि छातीवर कुणी गुडघा दाबावा तसा श्वास अडकला.

निळा पंप न्हाणीघरातल्या फळीवर. आत कुणीतरी मावशी, आतून कडी लावलेली. योकास्तानं दार बडवलं.

"अगं, जरा दम धर," आतून आवाज आला.

दोन्या एर्सिलियांनी सुनेचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि हातातला केस धुवायचा शॉवर टाकला. "पास्मो! तो एसी बंद करा आधी." त्यांनी तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. योकास्तानं मान हलवली. बोलायला श्वास नव्हता. तिनं खिडकीकडे बोट केलं.

"वारा लागतोय म्हणते," मिनेर्वा म्हणाली. "घट्ट लावा ती."

सासू धावली आणि निसटलेली चिंधी अंगठ्यानं आत दाबू लागली. योकास्ताच्या डोळ्यांपुढे काळोख यायला लागला. ही बाई मला वाचवता वाचवता मारणार, एवढंच तिला कळलं. तिनं सासूला दंडाला धरून बाजूला ओढलं, ड्रायर उचलला आणि काचेवर हाणला.

बाया किंचाळल्या. कुणीतरी रस्त्याकडचं दार उघडलं. योकास्ता धडपडत रस्त्यावर गेली आणि फुटपाथवर बसली. न्हाणीघरातून निघालेल्या मावशीला तिनं तोंडाशी मूठ नेऊन खूण केली, तशी ती फळीवरचा निळा पंप घेऊन पळत आली. आज तिनं तो सगळ्यांच्या देखत ओढला, एकदा, थांबून पुन्हा, पुन्हा.

"पास्मो नाही," आवाज फुटल्यावर ती म्हणाली. "ब्लीच. डॉक्टरनं कधीच सांगितलंय. मीच बोलले नाही."

सासू तिच्यासमोर उकिडवी बसली. "म्हणजे मी तुला कोंडत होते?"

"तुम्हाला कुठे माहीत होतं?" योकास्ताला रडू कोसळलं.

मिनेर्वा दारात उभी होती. "आणि आमची पोर? अर्धी काळी, अर्धी पिवळी."

"आत जाऊन धुऊन टाका. बाकीचं मारिसोल करेल. इथे ब्लीच बंद."

"मग तुझ्याकडे येणार कोण गं?"

उत्तर दोन्या एर्सिलियांनी दिलं. "नाही आलं कुणी तर नाही. मुलगा न्यूयॉर्कला गेला, मिनेर्वा, त्यानंतर माझं म्हणायला ही एकटीच आहे." मग त्यांनी सुनेच्या काखेत हात घातला. "उठ बये. दवाखान्यात चल."