दारात उभी राहिलेली आत्या

माझ्या मोठ्या नणंदेएवढी रागीट बाई वाशीम जिल्ह्यात दुसरी नसेल. असलीच तर दोघींची अजून गाठ पडलेली नाही. चहा कोमट आला तरी तिला राग येई, फार गरम आला तरी येई. एसटीत कुणी रुमाल टाकून जागा धरली, की ती रुमालाची नीट घडी करून मालकाच्या हाती देई आणि स्वतः खिडकीशी बसे. पोहरादेवीच्या गर्दीत हरवलेलं एक पोर तिला सापडलं, तेव्हा आधी तिने त्याला केळं खाऊ घातलं आणि नंतर त्याच्या आईबापांना असं झापलं, की ते दर्शन न घेताच घरी गेले म्हणतात.

माझी ईश्वरी सहा वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला. वाशीमच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं आणि ही रिसोडहून मिळेल त्या जीपने येऊन धडकली. आदल्या दिवशी सिस्टर "डोळे मिट, काही टोचत नाही" म्हणाली होती, आणि टोचलं होतं. तेव्हापासून ईश्वरी पांढऱ्या शर्टातल्या चहावाल्यालाही पाहून किंचाळायची.

"लेकराशी खोटं काहून बोलता?" नणंद सिस्टरवर कडाडली. मग ईश्वरीजवळ बसून म्हणाली, "टोचीन. दुखीन. मंग थांबीन. आपून दोघी वरडू."

आणि खरंच दोघी अशा ओरडल्या की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. सुई मात्र लागली.

मग जऊळक्याहून आमचे चुलत सासरे भेटायला आले. नारळ ठेवला, पोरीच्या पायाशी बसले आणि तिच्यादेखत म्हणाले, "आमच्या शेजारच्या पोरीलेबी हेच झालं होतं. पेशी उतरल्या अन् खतम." वर तिच्यासाठी कापलेलं सफरचंद खाऊन गेले. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

ईश्वरीने जेवण सोडलं. माझा पदर सोडेना. संध्याकाळी हळूच विचारलं, "आत्या, मी बी खतम होईन का?"

नणंद उठली आणि डॉक्टरांना घेऊनच आली. स्टूल ओढून म्हणाली, "बसा. मले नका सांगू, तिले सांगा."

डॉक्टर बसले. पेशी कमी झाल्या होत्या, आता वाढताहेत, तू बरी होऊन घरी जाणार आहेस, असं त्यांनी पोरीला सावकाश सांगितलं. तिने दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. मग तिने चार घास खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते चुलत सासरे पुन्हा आले. नणंद दारात उभी.

"काका, तुमी बाहीरच बसा."

"माह्या तोंडावर दार लावतं?"

"तोंडावरच लावून राह्यली. त्याच तोंडानं लेकराची झोप नेली."

ते तिच्या मुलाच्या लग्नालाही आले नाहीत. तिने बोलावणं पाठवलं होतं; माफी मागितली नाही.

ईश्वरी आता नववीत आहे. नणंद थकली. परवा मी तिला स्टँडवर सोडायला गेले, तर जीपवाल्याने तिला अक्षरशः मागे कोंबलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत थांबले. ती गुडघा चोळत म्हणाली, "जाऊ दे नं वं."

मला भयंकर राग आला. जीपवाल्याचा आलाच, पण त्याहून जास्त तिच्या त्या शब्दांचा. मग मीच त्याच्याशी भांडले. नणंदेने माझा हात धरला आणि जीप सुटेपर्यंत सोडला नाही.