नदीपलीकडची मोकळी जमीन

शाळेत वक्तृत्व स्पर्धा असली की भाषण सर लिहितात आणि मूल ते पाठ करतं. आमच्याकडे त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. हातवारेसुद्धा आम्हीच बसवून देतो. त्या वर्षीचा विषय ‘लोकशाहीचे शिल्पकार’ असा होता. कर्जतजवळच्या आमच्या शाळेतून मी आठवीतली एक मुलगी उभी केली. तिची कातकरी वाडी कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर, माळावर. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं.

मी अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष निवडला. गरिबाघरचा, लहानपणी पोरका झालेला, हिमतीवर वर आलेला. सामान्य माणसाचा अध्यक्ष म्हणून त्याला डोक्यावर घेणारे तिकडे अजून आहेत. त्याचं चित्र नोटेवरून काढा म्हणणारेही आहेत, कारण तिथल्या आदिवासींना त्यांच्या जमिनीवरून उठवून मोठ्या नदीपलीकडे घालवायचा कायदा त्याच्याच सहीनं झाला. पुढं त्या वाटेवर थंडीनं, उपासानं, रोगानं माणसं मेली. हे सगळं मी वर्गात सांगितलं होतं.

तालमीच्या वेळी मुलगी म्हणाली, “सर, ती नदीपलीकडं घालवलेली मानसं घ्यायची ना भाषनात?”

“वेळ पुरायचा नाही.”

वेळेचा प्रश्न नव्हता. संस्थेचे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसणार होते. मुलीची वाडी त्यांच्या जमिनीवर, पिढ्यान्‌पिढ्या, हातात कागद काही नाही. त्यांना तिथं फार्महाउसचे प्लॉट पाडायचे होते आणि वाडी उठत नव्हती. माझी नोकरी कायम करणंही त्यांच्याच हातात. स्टाफरूममध्ये एकानं टोला हाणला, “तिकडच्या अध्यक्षाला झोड तू, इकडचे तुला झोडतील.” सगळे हसले. मीही हसलो.

तो भाग नुसता गाळला असता तरी भागलं असतं. मी त्या जागी वाक्य घातलं: ‘त्यांनी आदिवासी बांधवांना नदीपलीकडे मोकळी जमीन मिळवून दिली आणि ते तिथे सुखाने नांदले.’ कुणी सांगितलं नव्हतं मला. अध्यक्षांना बरं वाटेल, एवढंच डोक्यात.

“सुखानं?” मुलीनं विचारलं. “तुमी तर मेली म्हनलावता.”

“भाषणाचा शेवट गोड करायचा असतो गं.”

तिनं तो गोड शेवट घोकला. ढाल तिलाच मिळाली. वाडीतली बरीच माणसं मांडवाच्या कडेला बसून ऐकत होती. अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, “ऐकलंत ना? तुमच्याच लेकीनं सांगितलं. अमेरिकेत झालं ते इथं का नाय व्हायचं? मी पण नदीपलीकडं जागा देतोय.”

कार्यक्रम संपल्यावर मुलीची आजी माझ्याकडे आली. वाडीत तिचा शब्द चाले. “मास्तर, पोरगी बोलली ते खरं हाय का रं? ती मानसं बरी ऱ्हायली?”

“हो आजी,” मी म्हणालो. “पुस्तकात आहे.”

पावसाळ्याआधी वाडी उठली. मी कायम झालो.

पलीकडची जागा नदीच्या अगदी कडेला, सखल. पावसात ओल हटेना. त्याच पावसाळ्यात आजी गेली. त्यांच्यात मयताला पुरतात. नवऱ्याशेजारी पुरा, असं ती सांगून गेली होती. पण ती जागा जुन्या वाडीमागं, आता प्लॉटच्या कुंपणाच्या आत. पाण्यातून तिला खांद्यावर आणली, तर वॉचमन फाटक उघडेना. मुलीनं कुणाच्या तरी मोबाइलवरून मला फोन केला. “सर, तुमी सांगा ना त्यांना. तुमचं आयकतील.”

“बघतो,” म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. अध्यक्षांना केला नाही. आजीला परत नेऊन नदीकाठी पुरलं. पुढच्या पुरात तो काठ ढासळला.

मध्यंतरी शिळफाट्याच्या बाजारात ती मुलगी दिसली. कडेवर पोर. मी वळून जाणार होतो, तिनंच हाक मारली.

“सर, भाषन अजून पाठ हाय मला. याला झोपवताना म्हनते. तुमचं ते एक वाक्य तेवढं सोडते.”

पोराच्या हातात मी बिस्किटाचा पुडा दिला. आजीला मी काय सांगितलं होतं ते तुला माहीत आहे का, असं विचारावंसं वाटलं. विचारण्यासारखं काही नव्हतंच. मी ‘हो’ म्हणालो तेव्हा ती आजीला खेटून उभी होती, हातात ढाल घेऊन.