कॉन्करसाहेब

"पूर्ण वाचा, सेक्रेटरीसाहेब," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि "कॉन्कर" हे शेवटचं. गावच्या विकास सोसायटीच्या मीटिंगला ते कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. माझा ठराव वाचून झाला की डोळे उघडून तो एक शब्द बोलायचे.

कॉन्कर म्हणजे मी सहमत आहे. उस्मानाबादला एका कचेरीत ते वीस वर्षं पट्टेवाले होते, तिथं फायली वाहताना हा शब्द त्यांनी उचलला. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात एवढ्या इंग्रजीची कुणाला गरज नव्हती. तोंडावर आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि माघारी कॉन्करसाहेब. हसण्यात मी सगळ्यांच्या पुढं, कारण मी मॅट्रिक होतो.

मामा बौद्धवाड्यातले. संचालक मंडळात वस्तीतला एक माणूस घ्यावा लागायचा म्हणून घेतलेले. जन्मभर 'जी साहेब' म्हटलेला म्हातारा आहे, त्याचा त्रास होणार नाही, असा चेअरमनचा हिशेब. माणसं ओळखण्यात चेअरमनचा हात कुणी धरत नसे.

आमची कामाची रीत सांगतो. तुम्ही कुठल्या सोसायटीचे सभासद असाल तर ती तुम्हाला नवी नाही. प्रोसिडिंग मीटिंगच्या आदल्या दिवशीच चेअरमनच्या ओसरीवर चहा पीत लिहून व्हायचं. प्रत्येक ठरावाखाली मी वळणदार अक्षरात 'सर्वानुमते मंजूर' लिहायचो. मीटिंग हा नंतरचा उपचार. संचालक यायचे, पान जमवायचे, सह्या ठोकायचे. कशावर सही केली ते घरी पोचेपर्यंत विसरायचे. एकमेकांवर इतका विश्वास मी सख्ख्या भावांत पाहिला नाही. अशा झटपट कारभारात मामांचं "पूर्ण वाचा" म्हणजे नुसता खोडा.

एकदा वैतागून मी म्हटलं, "मामा, शेवटी कॉन्करच म्हणता ना? मग वाचायचं कशाला?"

"आमचे साहेब फायल वाचून मंग लिव्हायचे," ते म्हणाले. "न वाचता लिव्हलं तर त्याला कॉन्कर म्हणत न्हाईत. नुसती सही म्हणत्यात."

हे मी घरी जाऊन बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघं पोटभर हसलो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावातल्या एकाच आडाला थोडं पाणी उरलं. बौद्धवाड्यातल्या बायका घागरी घेऊन आडापासून लांब उभ्या राहायच्या, कुणीतरी वरून ओतील म्हणून. कायद्यानं असलं काही उरलं नव्हतं. आडाला मात्र कायदा वाचता येत नव्हता.

तालुक्यानं गावाला एक बोअर दिला. जागा सोसायटीनं सुचवायची आणि ठरावावर सगळ्या संचालकांच्या सह्या हव्यात. ओसरीवर मी लिहिलं की 'समस्त ग्रामस्थांच्या सोयीसाठी' बोअर चेअरमनच्या गोठ्याच्या आवारात घ्यावा. सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "पूर्ण वाचा." मी वाचला. त्यांनी डोळे उघडले.

"कॉन्कर न्हाय."

पान लावणारे हात थांबले. चेअरमन हसून म्हणाले, "मामा, लिहून झालंय. सही करून टाका."

"आडावर आमच्या बाया दोन-दोन घंटे हुब्या ऱ्हात्यात. बोअर गोठ्यात गेला तर तुमचं फाटक उघडायची वाट बघत हुब्या ऱ्हातील. ह्याला म्या कॉन्कर कसं म्हणू?" मग माझ्याकडं वळले. "सर्वानुमते लिव्हलंय ते खोडा. सगळ्यांत म्या हाय का न्हाय, तेवढं बघा."

मी पेन उचलला, चेअरमनच्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली ठेवला. मॅट्रिकचा उपयोग असा होतो.

मामा सही न करता गेले. पुढचे पंधरा दिवस सगळ्या गावानं त्यांना शहाणपण शिकवलं. बोअर माघारी जाईल, पाप तुमच्या माथी बसेल. वस्तीतलेही काहीजण म्हणाले, "मिळतंय ते तर घ्या." मामा घाबरले होते. सही मात्र त्यांनी दिली नाही. शेवटी शाळेपुढच्या मोकळ्या जागेचा ठराव झाला. तो त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "कॉन्कर."

बोअरला पाणी लागलं. हापसा बसला त्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी आपल्या हातानं हापसून घागरी भरल्या. मी सोसायटीच्या खिडकीतून बघत होतो आणि मला स्वतःची लाज वाटली.

वर्षभरानं नवं मंडळ झालं. मामांच्या जागी दुसरं नाव होतं. त्या नावांचा ठराव त्यांच्यासमोर वाचताना मी अर्धा गिळला.

"पूर्ण वाचा," ते म्हणाले. मी वाचला. "कॉन्कर," म्हणाले, टोपी घातली आणि गेले.

काही वर्षांनी ते वारले. दुखवट्याचा ठराव अर्थातच आदल्या दिवशी ओसरीवर तयार झाला. 'कैलासवासी सदैव सर्वांशी सहमतीने वागले', हे चेअरमननी स्वतः सांगितलं आणि मी वळणदार अक्षरात लिहिलं.

मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "वाचत बसू नका, सगळ्यांना ठावं हाय. सह्या घ्या."

मी वाचायला लागलो. त्या ओळीवर आलो तेव्हा पेन उचलला, ती ओळ खोडली आणि उरलेला ठराव पूर्ण वाचला. मग सवयीनं कोपऱ्यातल्या रिकाम्या लोखंडी खुर्चीकडं पाहून थांबलो.