तात्यांचा ब्लॅक अँड व्हाइट

आधीच सांगतो, हसू नका. यात एक माणूस मेला होता. म्हणजे त्याला काहीच झालं नव्हतं. मीच मारला होता, फोटो काढून.

मी रत्नागिरीतल्या माणसांचे फोटो काढतो. बाजारात, जेटीवर, एसटी स्टँडवर. मग ते इन्स्टावर टाकतो. बघणारे निम्मे मुंबईत राहतात आणि खाली 'गावची आठवण आली' असं लिहितात. येत मात्र कोणी नाही.

एका शनिवारी मांडवीला दत्ताराम तात्यांचा फोटो काढला. तात्या जाळी विणतात. वय ऐंशीच्या आसपास, आणि सुरकुत्या अशा की फोटोग्राफरला काही करावंच लागत नाही. ते समुद्राकडे बघत होते. मी फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला. खाली लिहिलं, 'दत्ताराम तात्या, मांडवी.' बस. मला ते फार आर्टिस्टिक वाटलं.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा काळापांढरा फोटो आणि खाली नाव, असं कधी छापतात?

बरोबर. तुम्हाला लगेच कळलं. मला नाही कळलं.

पहिल्याने नुसते हात जोडले. दुसऱ्याने ते जोडलेले हात बघून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. तिसरा म्हणाला, 'परवाच मनमोकळं बोलणं झालं होतं.' अहो, तात्या कोणाशी बोलतच नाहीत!

मी घाईघाईने लिहिलं, 'तात्या ठणठणीत आहेत.'

उत्तर काय आलं? 'निदान अशा वेळी तरी मस्करी सोड.'

आता यातही चूक माझीच. मागच्या उन्हाळ्यात मीच पसरवलं होतं की गणपतीपुळ्याला हेलिकॉप्टर सुरू होतंय, पण आधी वजन कळवायचं. अकरा जणांनी काट्यावर उभं राहून फोटो पाठवले होते. तेव्हापासून माझं खरं कोणी खरं धरत नाही.

रविवारी सकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला. आमच्या वॉर्डात एक भावी नगरसेवक आहेत. ते फ्लेक्स आधी लावतात, चौकशी मग करतात. फोटो माझाच! आणि खालून कापलेला. तात्यांचे हात उडवले होते, हो! त्या फोटोत हातच तर बघण्यासारखे होते. खरं सांगतो, जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली यापेक्षा फ्रेम बिघडवली याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"मी सुहास. तात्यांचा मुलगा. तो शेवटचा फोटो... तूच काढलास ना?"

सुहास डोंबिवलीला असतो. तीन वर्षांपूर्वी होडी विकायची की ठेवायची यावरून बापलेकांचं वाजलं, तेव्हापासून तो गणपतीलासुद्धा आला नव्हता. कोकणातला माणूस गणपतीला येत नाही म्हणजे प्रकरण किती ताणलं असेल बघा.

"सुहासदादा, ऐका, तात्या जिवंत आहेत!"

"हो रे." तो रडायला लागला. "मनात जिवंतच राहणार ते."

"मनात नाही! मांडवीला!"

"तिथल्या तर प्रत्येक जाळ्यात आहेत."

"दादा, त्यांना फोन लावून बघा ना."

"बंद आहे. आता कोण उचलणार?"

तात्या फोन चार्जच करत नाहीत, हे मी सांगणार होतो. पण त्याची गाडी बोगद्यात शिरली. आणि कोकण रेल्वेवर बोगदे किती, ते तुम्हाला मी सांगायला नको.

धावत तात्यांच्या घरी गेलो. पडवीत जाळं पसरून बसले होते.

"तात्या, माफ करा. सुहासदादा गाडीत बसलेत. त्यांना वाटतंय तुम्ही वारलात. माझ्यामुळे."

तात्यांनी मान वर केली नाही. एक गाठ मारली.

"सुहास येतोय?"

"रडत होते, तात्या."

दुसरी गाठ काही बसेना.

"माझ्या फोनवरून बोला. बोगद्याबाहेर आले की लागेल."

"नको लावू."

"अहो, तो माणूस तिकडे..."

"लावलास तर पुढल्या स्टेशनाला उतरून मागं जाईल तो. माझाच पोरगा हाय." तात्यांनी सुई खाली ठेवली. "तू बाजारात जा. बांगडे आण, ताजे बघून. त्याला तळलेले लागतात."

"तात्या, लोकांच्या मते या घरात सुतक आहे."

"मेल्या, लोकांना जेवायला कोण बोलवतोय?"

दुपारी सुहास आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. अंगणात पाय ठेवला आणि थबकला. नाक वर केलं.

"बाप गेला आणि घरात मासे तळतायत? कोण आहे रे आत?"

आतून तात्या आले. हातात कालथा.

"हातपाय धू. जेवायला बस."

सुहास पायरीवर बसला तो बसलाच. तात्या शेजारी टेकले. होडीचं नावसुद्धा निघालं नाही. आत बांगडा करपत होता, तोही कोणी उतरवला नाही.

बऱ्याच वेळाने सुहास उठला, तात्यांच्या पाया पडला, आणि वळून माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. योग्य माणसालाच बसली होती.

पुढच्या रविवारी जेटीवर गेलो, तर सात म्हातारी माणसं रांगेत उभी. तेल लावून भांग पाडलेली.

"माझा पण काळापांढरा काढ रे. मोठा दुबईला असतो."

"मला जरा अजून म्हातारी कर. धाकटा फोनच उचलत नाय."

एका काकूंनी तर विचारलं, "डोळे मिटू की उघडे ठेवू?"

आणि रांगेत सगळ्यात शेवटी कोण असेल? माझी आई. ठेवणीतली साडी नेसून.

"आई, तू कशाला? मी तर घरातच असतो!"

"असतोस की," आई पदर सारखा करत म्हणाली. "पण लोकांचे निदान मुंबईहून येतात तरी."

घरी येऊन हार्ड डिस्क धुंडाळली. रत्नागिरीतल्या मांजरांचे छप्पन्न फोटो निघाले. आईचा एक निघाला. त्यातही पुढे मांजरच होतं, आई मागे कपडे वाळत घालत होती. आउट ऑफ फोकस.