चौदा पॉइंट चारला बंद

तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात मी एकोणीस वर्षं रिअ‍ॅक्टर चालवतोय. त्यामुळे घरात वायर, नळ, मशीन यातलं काहीही निघालं की शेवटचा शब्द माझा, असं मीच ठरवून टाकलं होतं. गेल्या वर्षी उमरोळीच्या आमच्या घरी बाबांना ऑक्सिजनचं मशीन लागलं. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं, पण त्याला वीज सतत लागते, आणि आमच्याकडे ती रोज तास-अर्धा तास जातेच. म्हणून मी इन्व्हर्टर आणला आणि बॅटरीसकट पडवीत बसवला.

वीज परत आली की बॅटरी आधी झपाझप भरायची. डिस्प्लेवरचा आकडा चढत चढत चौदा पॉइंट चार व्होल्टला पोचायचा आणि मग बॅटरीतून बारीक फसफस ऐकू यायची. कारखान्यात फसफस ऐकली की आम्ही आधी बंद करतो, विचार नंतर. इथे तर भिंतीपलीकडे बाबांचा ऑक्सिजन. म्हणून नियम केला: चौदा पॉइंट चार आले की इन्व्हर्टर पूर्ण बंद, घराची लाइन थेट विजेवर; वीज गेली की परत चालू. मी पाळीला गेलेलो असलो तर हे बायकोने करायचं. एकदा ती विसरली, तेव्हा मी इतका ओरडलो की शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

मग तो शुक्रवार आला. दुरुस्तीसाठी सकाळी नऊ ते दुपारी दोन वीज बंद राहणार, असा निरोप आदल्या दिवशीच आला होता. बायको म्हणाली, "बोईसरहून एक भरलेला सिलिंडर आणून ठेवायचा का?" मी कागदावर हिशेब मांडला. पंखा-दिवे बंद ठेवले तर बॅटरी पाच तास सहज काढेल. "कशाला?" म्हणालो आणि विषय संपवला.

नऊला वीज गेली. सव्वादहाला इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि पाच मिनिटांत मशीनसकट गप्प झाला.

बाबांना न्हाणीघरापर्यंत नेताना वापरायचा छोटा सिलिंडर तेवढा घरात होता. नळी त्याला जोडली आणि काटा पाहिला. तो लाल पट्टीला टेकलेला. बायको चप्पल घालून निघाली, नाक्यावर रिक्षा मिळाली की बोईसर. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले, पाऊण तास तरी लागेल. बाबांच्या बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला ऑक्सिजन ब्याण्णव टक्के दाखवत होतं. मग नव्वद.

मी बॅटरीवाल्याला फोन लावला आणि त्याच्यावरच तुटून पडलो. खराब माल गळ्यात मारलास, म्हणालो. त्याने शांतपणे विचारलं, "चार्जिंग किती वेळ ठेवता?"

"चौदा पॉइंट चार आले की बंद करतो."

"तिथं तर पयला टप्पा संपतो, साहेब. तुमी तारापूरवाले ना? रिअ‍ॅक्टरला तापमान आलं की लगेच माल उतरवता काय?"

तापमान गाठणं म्हणजे काम होणं नव्हे, त्यानंतर तेच तापमान तासन् तास धरून ठेवावं लागतं, याला आम्ही होल्ड म्हणतो. नव्या माणसांना हे मीच शिकवतो. बॅटरीचंही तेच, हे त्याने समजावलं. पहिल्या टप्प्यात ती तीन-चतुर्थांश भरते. पुढे व्होल्टेज तेवढंच धरून करंट हळूहळू कमी होत जातो आणि उरलेली बॅटरी काही तासांत भरते. फसफस त्याच टप्प्यातली, पडवीसारख्या मोकळ्या जागेत तिची भीती नाही. मग चार्जर आपणच व्होल्टेज उतरवतो आणि बॅटरी नुसती भरलेली राखतो. मी रोज तिला अर्धपोटी उठवत होतो. न भरलेल्या भागाचा पांढरा क्षार आतल्या शिशाच्या प्लेटांवर घट्ट बसत गेला, आणि बॅटरीत धरायला जागाच उरली नाही.

शहाऐंशी. बाबांचे ओठ निळसर झाले. मी सिलिंडरचा फ्लो कमी करावा की वाढवावा तेही मला ठरवता येईना. मी त्यांची पाठ धरून बसलो होतो आणि मला रडू येत होतं. ब्याऐंशी झाले तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. बायकोने आणि रिक्षावाल्याने सिलिंडर दोन्ही बाजूंनी उचलून आत आणला.

वीसेक मिनिटांनी आकडा त्र्याण्णववर आला. अ‍ॅम्ब्युलन्सही आली, त्यांनी तपासलं आणि ते थांबून राहिले. मी बायकोला बॅटरीचं सांगायला लागलो. ती खाली बघत म्हणाली, "पूर्ण भरली की हिरवा दिवा लागतो, असं इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत आहे. आपला कधी लागलाच नाही."

"मला म्हायत होतं," बाबा हळूच म्हणाले. "तिनं दाखवलं होतं मला. आमी दोघं रोज बघायचो."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज नेहमीसारखा चढला.

बाबांनी दम घेतला. "आता जसा बोललास ना, त्याच्यासाठी."